वाखनिंगनचा निरोप घेताना

आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात जी काळी-पांढरी संकरित गाय उभी असते, तिचे मूळ माहेर हॉलंड. होल्स्टिन फ्रिजियन या नावातला ‘फ्रिजियन’ हा शब्द त्या देशाच्या उत्तरेकडील फ्रिसलँड प्रांतावरून आला. हॉलंडचे अधिकृत नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल प्रदेश. आपल्या जुन्या कागदपत्रांत या डच लोकांना वलंदेज म्हटले आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. देश लहान, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. त्यातली चौथाई जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. तरीही शेतमालाच्या निर्यातीत तो जगातल्या पहिल्या काही देशांत मोडतो.

या देशात वाखनिंगन नावाचे सुमारे चाळीस हजार वस्तीचे शहर आहे. ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले हे शहर जगभर ओळखले जाते ते शेतीच्या शिक्षणामुळे. १८७६ साली तेथे सरकारी कृषी शाळा निघाली आणि १९१८ साली तिला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला. आज तेच मोठे विद्यापीठ झाले आहे. आमची थोरली लेक तेथे संशोधन करते. साठलेली अर्जित रजा घेऊन मी आणि सौ. २०२४ च्या जुलैमध्ये तिच्याकडे गेलो. पाहुण्यांना त्या देशात एका वेळी जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येते. सप्टेंबर संपत आला तसे हे दिवसही संपत आले.

नवीन गावी गेले की पहिले काही दिवस माणूस नुसता बावचळून पाहत असतो. मग सवय होते आणि पाहणे थांबते. परतीची तारीख जवळ आली की पुन्हा डोळे उघडतात. आमचेही तसेच झाले. त्यातच गावाकडून फोन सुरू झाले. एकाने सांगितले, “साहेब, येताना तिकडच्या बटाट्याचे बी आणा. चार कंद खिशात टाकले तरी चालतील.” दुसऱ्याला टोमॅटोचे बी हवे होते, तिसऱ्याला ट्यूलिपचे गड्डे. एका दूध उत्पादकाने गायच आणा असे म्हटले नाही, एवढेच! त्यामुळे शेवटच्या आठवड्यात आमच्यापुढे एकच विचार होता. या देशातून आपल्या शेतकऱ्याने घ्यावे असे काय आहे, आणि त्यातले आणता येण्यासारखे काय आहे?

शनिवारचा बाजार

वाखनिंगनच्या मधोमध मोठे चर्च आहे आणि त्याच्या भोवतीच्या चौकात शनिवारी बाजार भरतो. भाजी, फळे, फुले, मासे, चीजची मोठमोठी गोल चाके, सगळे मांडलेले असते. सौ.ना भाषा येत नव्हती, पण तीन महिन्यांत भाजीवाल्याशी बोटांनी हिशेब करण्यात त्या तरबेज झाल्या होत्या. शेवटच्या शनिवारी मी बटाट्याच्या टोपल्यांपाशी बराच वेळ उभा राहिलो.

प्रत्येक टोपलीवर बटाट्याच्या वाणाचे नाव आणि तो कशासाठी चांगला, हे लिहिलेले. एक शिजल्यावर घट्ट राहणारा, दुसरा शिजल्यावर पिठूळ होणारा. एक रश्शाला, दुसरा कुस्करून खायला. आकारही निवडलेला. आपल्याकडे लहान-मोठा, हिरवट, कापलेला असा सगळा माल एकाच गोणीत जातो आणि मग व्यापारी सगळ्याला हलक्या मालाचा भाव लावतो. निवडून, प्रतवारी करून माल बाजारात न्यायला परदेशी यंत्र लागत नाही. घरची चार माणसे आणि झाडाची सावली पुरते.

आता बियाण्याचे सांगतो. बाजारातला बटाटा हा खाण्याचा बटाटा असतो. बियाण्याचा बटाटा तेथे वेगळ्या शेतावर, वेगळ्या देखरेखीखाली पिकवतात. त्याच्या तपासणीसाठी १९३२ पासून एक स्वतंत्र संस्था आहे. तिचे निरीक्षक उभ्या पिकात फिरतात. रोगट झाडे उपटून टाकावी लागतात. व्हायरससाठी नमुने तपासले जातात. तपासणीत उतरलेल्या मालाच्या गोणीला चिठ्ठी लागते आणि मगच तो बियाणे म्हणून विकता येतो. डच बियाण्याचे नाव आहे ते या चिठ्ठीमुळे. बाजारातले चार कंद खिशात घालून आणले, तर ते दिसायला डच, पण बियाणे म्हणून त्यांची काहीच हमी नाही.

शिवाय तसे आणणे कायद्याविरुद्ध आहे. आपल्या देशात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे बियाणे, कंद, कलमे बाहेरून आणायची तर आयातीचा परवाना आणि त्या देशाचा पीक-आरोग्य दाखला लागतो. हा नियम सरकारी त्रास म्हणून केलेला नाही. गाजरगवत आठवा. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानतात. आज कोणत्या गावच्या बांधावर ते नाही? २०१८ साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि वर्ष उलटायच्या आत ती आपल्या मक्यावर होती. ज्याला आपण एक कंद म्हणतो, त्याच्या सालीवर मातीचा कण असतो आणि त्या कणात सूत्रकृमी असू शकतो. निलगिरीच्या बटाट्याला अशा सूत्रकृमीने १९६१ पासूनची अनेक वर्षे छळले आहे. म्हणून सौ.ना मी सांगून टाकले की बी, कंद, गड्डा, काही पिशवीत येणार नाही. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

मातीचे संग्रहालय

विद्यापीठाच्या आवारात मातीचे एक संग्रहालय आहे. ऐंशीहून अधिक देशांतून आणलेले मातीचे हजारावर उभे काप तेथे जतन केले आहेत. जमिनीत खड्डा घ्यायचा, त्याच्या भिंतीचा वरपासून खालपर्यंत सलग काप जसाच्या तसा काढायचा आणि फळीवर घट्ट बसवायचा, अशी ही पद्धत. एका दालनात उभे राहून जगाची जमीन पाहता येते. कुठे लाल, कुठे राखाडी, कुठे वरती वाळू आणि खाली गंजासारखा पट्टा.

लेक आम्हाला एका काळ्या कापापुढे घेऊन गेली. शास्त्रज्ञ या गटाला वर्टिसोल म्हणतात. आपण काळी कसदार, भारी जमीन म्हणतो ती हीच. उन्हाळ्यात हिला हात हात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात चिकणमाती फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. म्हणून तिला आपली आपण नांगरणारी जमीन म्हणतात. मी हे सौ.ना सांगत होतो, तोच लेक हळूच म्हणाली, “बाबा, पहिल्या वर्षी घरची आठवण आली की मी इथे येऊन उभी राहायचे.” सौ.नी पदर डोळ्याला लावला. मीही काही बोललो नाही.

तेथून निघताना एक विचार मात्र पक्का झाला. आपल्या पायाखालची जमीन किती खोल आहे, खाली मुरूम कुठे लागतो, पाणी कुठे अडते, हे आपल्यापैकी किती जणांनी खड्डा घेऊन पाहिले आहे? विहीर खणताना तेवढे दिसते. फळबाग लावण्यापूर्वी तीन-चार फुटांचा एक खड्डा घेऊन त्याची भिंत नीट पाहावी. अनेक बागांचे रडगाणे त्या भिंतीवर आधीच लिहिलेले असते.

नदीपलीकडे

वाखनिंगनच्या टेकडीवरून ऱ्हाईनचे पात्र छान दिसते. नदीला दोन बांध आहेत. पाण्यालगत एक बुटका बांध, त्याला उन्हाळी बांध म्हणतात. त्याच्या बऱ्याच मागे उंच, रुंद हिवाळी बांध. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात उन्हाळ्यात गाई चरतात आणि पुराच्या दिवसांत तेथे पाणी पसरते. म्हणजे नदीची जागा नदीला राखून ठेवलेली आहे.

निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही तरीने नदी ओलांडली. या तरीत माणसे, सायकली आणि मोटारीही चढतात. पलीकडचा भाग म्हणजे बेतुवे. दोन नद्यांमधली ही चिकणमातीची जमीन सफरचंद, पेअर आणि चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. पेअरची तोडणी चालू होती. झाडे बुटकी, तारेला बांधलेली, हेक्टरी दोन-तीन हजार. शिडी न लावता, उभ्या उभ्या फळ तोडता येते.

एका बागेच्या दारात फळे विकायला ठेवली होती. बागेचे मालक पंच्याहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. भारतातून आलेला शेतीखात्याचा माणूस म्हटल्यावर त्यांनी आम्हाला कॉफीला बसवून घेतले. त्यांनी १९९५ च्या जानेवारीची हकीकत सांगितली. ऱ्हाईन आणि वाल या नद्या इतक्या चढल्या की बांध टिकतील याची खात्री उरली नाही. सरकारने नद्यांकाठच्या अडीच लाख लोकांना घरे सोडायला सांगितले. सुमारे दहा लाख जनावरेही हलवली गेली. या गृहस्थांकडे तेव्हा चाळीस गाई होत्या. रात्रभर ट्रक चालू होते. उंचावरच्या भागातल्या, ओळखपाळख नसलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात त्यांच्या गाईंना जागा दिली आणि वेळेवर धारही काढली. बांध टिकले. आठवड्याभरात माणसे परतली. पण त्यानंतर धोरण बदलले. नुसता बांध उंच करत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जास्त जागा करून देण्यात आली. कुठे बांध मागे सरकवले, कुठे काठचे पट्टे खोल केले.

आम्ही बोलत होतो तेव्हा शेजारच्या शेतात एकजण ट्रॅक्टरने चर साफ करत होता. मी विचारले, “आत्ता कशाला?” गृहस्थ म्हणाले, “पाहणी होणार आहे.”

फावड्याचा कायदा

ही पाहणी पाणी मंडळाची. पाणी मंडळ ही हॉलंडमधली फार जुनी संस्था. काही मंडळांचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. त्या काळात राजा दूर आणि समुद्र जवळ होता. तेव्हा गावकऱ्यांनीच एकत्र येऊन बांध घातले, चर खोदले आणि कोणी किती लांबीचा बांध राखायचा हे ठरवले. जो आपल्या वाट्याचा बांध राखणार नाही, त्याने गाव सोडावे, असा दंडक होता. एखाद्याला बांध राखणे झेपेनासे झाले तर तो आपले फावडे बांधात रोवून निघून जाई. जो ते फावडे उपटेल, त्याला ती जमीन मिळे आणि तिच्याबरोबर बांधाची जबाबदारीही. फावडे उपटायचे आणि बांध मात्र दुसऱ्यावर ढकलायचा, असे चालत नसे.

आज देशात अशी २१ मंडळे आहेत. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. मागची २०२३ च्या मार्चमध्ये झाली. प्रत्येक मंडळात शेतकऱ्यांच्या दोन आणि निसर्गरक्षणाच्या दोन जागा राखीव असतात. मंडळ स्वतःचा कर बसवते. घर असलेला, जमीन असलेला, प्रत्येकजण तो भरतो. सरकारी अनुदान येईल तेव्हा बघू, असे म्हणून कोणी थांबत नाही. शरद ऋतूत मंडळाचे लोक चर तपासायला निघतात. आपल्या हद्दीतला चर ज्याने साफ केला नाही, त्याला आधी सूचना मिळते. तरीही केला नाही तर मंडळ साफ करून घेते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. कारण एकाचा चर तुंबला की वरच्या दहा जणांच्या शेतात पाणी उभे राहते.

सगळे सुरळीत होते असे मात्र नाही. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळात समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे बुडाली. बरेच बांध कमकुवत होते आणि त्यांच्या दुरुस्तीला वेळेवर पैसा दिला गेला नव्हता. ती किंमत त्या लोकांनी मोजली आहे, म्हणून पाण्याच्या कराबद्दल कुरकुर करूनही ते तो भरतात.

तुम्ही म्हणाल, त्यांचा त्रास जादा पाण्याचा, आपला कमी पाण्याचा. खरे आहे. पण एकट्याने दोन्ही सुटत नाहीत. आणि ही रीत आपल्याला परकी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी द्यायचे आणि पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करायची. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर १९९० नंतर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या आणि शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवून दाखवले. २००५ साली राज्यात यासाठी कायदाही झाला. संस्थेच्या संचालक मंडळात चारीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे तिन्ही भागांचे शेतकरी असावे लागतात. संस्थेला पाणी मोजून मिळते. मग ते कोणाला, कधी, किती द्यायचे हे संस्था ठरवते.

दुधाची दुसरी बाजू

घ्यायचे काय, याबरोबर घ्यायचे काय नाही, हेही शेवटच्या दिवसांत दिसले. शहरातल्या एका चौकाला ‘५ मे’ हे नाव आहे. १९४५ साली त्या तारखेला तेथील हॉटेलात जर्मन सेनापतीशी शरणागतीची बोलणी झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागात उपासमार झाली होती. लोकांनी शुगरबीट आणि ट्यूलिपचे गड्डेसुद्धा खाल्ले. हजारो माणसे दगावली. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून युद्धानंतर सरकारने उत्पादनवाढीवर जोर दिला आणि शेतकऱ्यांनी ते करून दाखवले.

पण वाढ कुठे थांबवायची हे ठरले नाही. आज त्या चिमुकल्या देशात पस्तीस लाखांहून अधिक गाईगुरे आणि सुमारे एक कोटी डुकरे आहेत. बरेचसे खाद्य परदेशातून येते आणि शेण-मूत्र मात्र तेथेच राहते. त्यातला अमोनिया हवेत जातो आणि रानावनांवर उतरतो. वाखनिंगनच्या उत्तरेला फेल्यूवे नावाचे जंगल व माळ आहे. फाजील नत्रामुळे तेथील झुडपे मागे पडून गवत माजते. २०१९ च्या मे महिन्यात तेथील वरिष्ठ न्यायसंस्थेने नत्राच्या परवान्यांची चालू पद्धत रद्द केली. शेतकरी संतापले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी हजारो ट्रॅक्टर राजधानीतून नव्हे, तर जेथे सरकार बसते त्या हेग शहरात धडकले. त्या शेतकऱ्यांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. त्यांना सल्ला आणि कर्ज देऊन जनावरे वाढवायला सांगणारे इतरच होते. सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे शेणखत कमी पडते, जास्त नव्हे. पण युरियाची जादा गोणी आपणही टाकतोच. पीक हिरवेगार दिसते, किडीला बोलावणे जाते आणि उरलेले नत्र विहिरीच्या पाण्यात उतरते. माती परीक्षणाच्या चिठ्ठीत लिहिले तेवढेच द्यावे, हे त्या देशाने फार महाग शिकून घेतले आहे. आपण ते फुकट शिकू शकतो.

सामानात काय आले

शेवटच्या दोन दिवसांत सौ.नी लेकीसाठी मेतकूट, तिळाची चटणी आणि भाजणी करून डबे भरले. लेकीने आमच्या पेट्यांचे वजन तीनदा केले. कारण तेवीस किलोच्या वर एक चमचाही विमानात चालत नाही. तिचे काम अजून दोन वर्षांचे आहे. परत येशील ना, असे सौ.नी विचारले नाही. मीही विचारले नाही. ती आपणहून म्हणाली, “आई, मी मातीतल्या ओलाव्यावर काम करते. ते कामाला यायचे तर आपल्याकडेच येईल.” एवढे उत्तर आम्हाला पुरले.

पेटीत लोकरीचे मोजे, थोडे चॉकलेट आणि नातवंडांसाठी लाकडी बूट आले. बियाणे आले नाही. वाचकहो, तुमच्यासाठी मी तीनच गोष्टी आणल्या आहेत आणि त्यांना विमानाचे भाडे पडले नाही. माल निवडून बाजारात न्या. बाग लावण्यापूर्वी खड्डा घेऊन जमीन पाहा. आणि तिसरी सर्वांत मोठी. रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्याआधी आपल्या चारीवरच्या सगळ्यांनी एक दिवस ठरवा, फावडी घेऊन या आणि चारी शेवटच्या टोकापर्यंत साफ करा. पाणी सुटले की पहिली पाळी टोकाच्या शेतकऱ्याला द्या. त्याच्या शेतात पाणी पोचले, तर ते वाटेतल्या सर्वांना मिळणारच आहे.